मंद हेडलाइट, तरीही समोरच्याला त्रास : एका पिकअपच्या दिव्यांचा प्रकरण अभ्यास

ओतूर आणि मुरबाड परिसरातला भाजीपाला रात्रीत वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत पोहोचवणाऱ्या एका पिकअपचे हे प्रकरण आहे. गाडी आठ वर्षांहून जुनी असून तिला पुढे एच-४ प्रकारचे दोन हॅलोजन दिवे आणि मागे पाट्यांचे सस्पेन्शन आहे, आणि ती साधारण दीड टनापर्यंत माल वाहते. तिचा रात्रीचा मार्ग ठरलेला आहे. माळशेज घाट उतरायचा, टोकावडे, मुरबाड, रायते करत कल्याण गाठायचे आणि तिथून शिळफाटा, महापेमार्गे तुर्भ्याला यायचे. घाटापासून मुरबाडच्या पुढेपर्यंत रस्त्यावर गावांच्या वेशी सोडल्या तर प्रकाश नसतो. कल्याण ओलांडल्यावर रस्त्याला दिवे मिळतात, पण तिथे कामांसाठी उभे केलेले अडथळे, कडेला बंद पडलेले ट्रेलर आणि समोरून येणाऱ्या अवजड गाड्यांचा झगझगाट असतो. म्हणजे एकाच रात्रीत या गाडीच्या दिव्यांकडून दोन वेगळ्या अपेक्षा असतात : घाटाकडच्या भागात लांबवर दिसले पाहिजे आणि शिळफाट्याकडे समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जाता कामा नये.

गाडी तुर्भ्यातल्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिकलच्या कामाच्या जागी आली ती मालकाच्या एका ठाम मागणीसह. मालक तरुण आहेत, आणि त्यांच्या वडिलांच्या काळापासून गाडी चालवणाऱ्या पन्नाशीपुढच्या चालकांना ते काका म्हणतात. मागणी अशी होती की हॅलोजन काढून पांढऱ्या प्रकाशाचे एलईडी बल्ब बसवून द्यावेत, कारण काकांना रात्री नीट दिसत नाही. काकांनी स्वतः तक्रार मांडली ती मात्र वेगळी होती आणि मला ती फार महत्त्वाची वाटली. ते म्हणाले, ‘साहेब, अपर टाकला तरी रस्ता पिवळाच दिसतो, आणि डिपरवर असलो तरी समोरचा गाडीवाला मलाच अपर मारून दाखवतो.’ अपर म्हणजे लांबवर पडणारा झोत आणि डिपर म्हणजे खाली झुकवलेला झोत.

दिवा मंद असेल तर समोरच्याला त्रास होऊ नये आणि समोरच्याला त्रास होत असेल तर दिवा मंद नसावा, असे सहज वाटते. या गाडीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. याचा सरळ अर्थ असा की बल्बमधून निघणारा प्रकाश कमी होता आणि जेवढा निघत होता त्यातला बराचसा रस्त्यावर न पडता वर जात होता. ही दोन दुखणी वेगळी आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि अधिक प्रखर बल्ब बसवल्याने त्यांतले एकही बरे होत नाही. दुसरे तर वाढते.

कमी दिसण्याची किंमत किती आहे, हे आधी मालकांना आकड्यांत सांगितले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर निघून गेलेले असतात. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना, थांबायला आणखी २८ मीटरच्या आसपास लागतात, म्हणजे एकूण ५३ मीटर. रस्ता ओला असेल आणि गाडी भरलेली असेल तर हेच अंतर सहज ६० मीटरवर जाते. वेग ८० केला तर कोरड्या रस्त्यावरही ८० मीटरच्या पुढे जाते. गडद कपड्यांत रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस डिपरच्या उजेडात बऱ्याचदा ५० मीटरच्या आतच पहिल्यांदा दिसतो, तोही दिवे उत्तम असताना. म्हणजे उत्तम दिव्यांतही थांबण्यापुरते अंतर तोकडेच असते, आणि दिव्यांचा प्रकाश तिसऱ्या हिश्शाने घटला तर ते आणखी कमी होते. हे ऐकल्यावर मालकांनी एलईडीचा आग्रह तात्पुरता बाजूला ठेवला आणि आधी मोजमाप करायला होकार दिला.

व्होल्टेज कुठे हरवत होते

हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ वाढत किंवा घटत नाही, तो सुमारे ३.४ व्या घाताने बदलतो. बारा व्होल्टच्या एच-४ बल्बची प्रमाणित कामगिरी १३.२ व्होल्टवर मोजली जाते आणि त्या व्होल्टेजला अपरचा प्रकाश सुमारे १६५० ल्युमेन, तर डिपरचा सुमारे १००० ल्युमेन असतो. बल्बपर्यंत १३.२ ऐवजी ११.५ व्होल्टच पोहोचले तर व्होल्टेज तेरा टक्क्यांनी कमी झालेले असते, पण प्रकाश जवळजवळ अडतीस टक्क्यांनी कमी होतो, शिवाय तो पिवळट होतो, कारण तंतू पुरेसा तापत नाही. काकांनी सांगितलेला पिवळा रस्ता याच लक्षणाचा होता.

मोजमाप करताना दिवे चालू असणे आणि इंजिन चालू असणे या दोन अटी पाळल्या नाहीत तर हाती काहीच लागत नाही. बल्ब काढून रिकाम्या होल्डरवर मल्टिमीटर लावला की व्होल्टेज नेहमीच चांगले दिसते, कारण वायरमधून प्रवाहच वाहत नसतो आणि प्रवाह नसेल तर व्होल्टेज पडत नाही. ‘करंट बरोबर येतोय’ असे सांगून गाड्या परत पाठवल्या जातात त्या बहुतेक याच कारणाने. आम्ही बल्ब जागेवर ठेवून, होल्डरच्या मागून पिनांना मल्टिमीटरच्या बारीक सुया टेकवून, इंजिन दीड हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून डिपरवर आकडे घेतले.

बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर चालून वीज तयार करणारे यंत्र) आणि त्याचा पट्टा ठीक होते. डाव्या बल्बवर मात्र ११.६ व्होल्ट पोहोचत होते आणि उजव्यावर ११.३. वरच्या हिशेबाने डावा दिवा प्रमाणित प्रकाशाच्या साधारण ६४ टक्के आणि उजवा ५९ टक्के प्रकाश देत होता. बल्ब नवा असूनही ही स्थिती होती. मालकांनी दोन महिन्यांत दोनदा बल्ब बदलले होते आणि दोन्ही वेळा फरक पडला नव्हता, याचे उत्तर या आकड्यांत होते.

पुढचा प्रश्न असा की हे अडीच-पावणेतीन व्होल्ट नेमके कुठे हरवतात. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर ठेवून दुसरी टप्प्याटप्प्याने पुढे सरकवली की प्रत्येक टप्प्यातली घट थेट वाचता येते. बॅटरीपासून फ्यूज बॉक्सपर्यंत ०.३ व्होल्ट, फ्यूज आणि त्याच्या पकडीत ०.२, तिथून स्टेअरिंगखालच्या स्विचपर्यंत ०.३, स्विचच्या संपर्कांत ०.७ आणि स्विचपासून होल्डरपर्यंत ०.४, अशी धन बाजूची एकूण घट १.९ व्होल्ट निघाली. उरलेली घट अर्थिंगच्या, म्हणजे बल्बमधून प्रवाह परत बॅटरीकडे नेणाऱ्या, बाजूला होती. डावीकडे ०.६, उजवीकडे ०.९.

अर्थिंगकडे दुर्लक्ष होणे ही या कामातली सर्वांत सर्रास गोष्ट आहे आणि ते मला खरोखर खटकते. प्रवाह बल्बमध्ये जितका जातो तितकाच परत बॅटरीकडे यावा लागतो, त्यामुळे परतीच्या वाटेवरचा अडथळा हा पुढच्या वाटेवरच्या अडथळ्याइतकाच प्रकाश खातो. या गाडीत दोन्ही दिव्यांची अर्थिंग एका जाडसर पत्र्यावर एकाच बोल्टखाली दिलेली होती. बोल्ट काढल्यावर थिंबलखाली (वायरच्या टोकाला लावलेल्या धातूच्या चकतीखाली) रंगाचा थर, त्याखाली गंजाचा तांबूस भुगा आणि थिंबलच्या कडेला हिरवट पापुद्रा दिसला. पावसाळ्यात माळशेजमधून रोज जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या पत्र्यावर दुसरे काही अपेक्षितही नव्हते.

उजव्या बाजूची जादा घट होल्डरमध्ये होती. हा होल्डर हातात घेतल्यावर गोष्ट स्पष्ट झाली. अर्थिंगच्या पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित वितळले होते, पिनेची स्प्रिंग सैल झाली होती आणि आतली तांब्याची तार काही सेंटिमीटरपर्यंत काळी पडली होती. काकांना विचारल्यावर कळले की पूर्वी कधीतरी त्या बाजूला ‘शंभर-नव्वद’चा, म्हणजे अपरला शंभर आणि डिपरला नव्वद वॅटचा, हेवी बल्ब बसवला होता आणि काही महिन्यांनी तो जळल्यावर पुन्हा साधा बल्ब लावला. साठ-पंचावन्न वॅटसाठी केलेल्या होल्डरमधून आणि पातळ वायरमधून शंभर वॅटचा बल्ब चालवला की प्रवाह पाच अँपिअरऐवजी आठच्या आसपास जातो, आणि संपर्कातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती अडीचपट होते. बल्ब गेला, पण होल्डरचे नुकसान मागे राहिले. त्याच बल्बने रिफ्लेक्टरचेही नुकसान केले होते, त्याकडे पुढे येतो.

रिले आणि नवी वायरिंग

या गाडीत हेडलाइटसाठी रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, नव्हता. दोन्ही बल्बचा मिळून नऊ-दहा अँपिअरचा सगळा प्रवाह फ्यूज बॉक्समधून केबिनमध्ये, तिथून स्टेअरिंगखालच्या छोट्या स्विचमधून आणि मग पुन्हा बॉनेटखाली असा लांबचा फेरा मारत होता. १.९ व्होल्टची घट आणि नऊ अँपिअरचा प्रवाह यांचा गुणाकार केला तर सतरा वॅट उष्णता वाटेतच, त्यातली बरीचशी स्विचमध्ये, निर्माण होत होती. स्टेअरिंगखालचा भाग हाताला कोमट लागत असे, असे काकांनी नंतर सांगितले, पण इंजिनाच्या उष्णतेने तसे होत असेल असा त्यांचा समज होता.

उपाय असा केला की जुन्या वायरिंगवर बल्बचा भारच ठेवला नाही. बॅटरीच्या धन टोकापासून चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर थेट घेतली, तिच्यावर बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज बसवला आणि ती दोन रिलेंच्या ३० क्रमांकाच्या पिनांना दिली. एक रिले डिपरचा, दुसरा अपरचा. जुन्या होल्डरला येणारा डिपरचा आणि अपरचा सिग्नल त्या त्या रिलेच्या ८६ ला जोडला, ८५ ला अर्थिंग दिले, आणि ८७ मधून निघणारी वायर डाव्या आणि उजव्या दिव्यासाठी विभागून अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरने नव्या सिरॅमिक होल्डरपर्यंत नेली. आता स्टेअरिंगखालच्या स्विचला फक्त रिलेची गुंडाळी ओढायची असते, तिला अँपिअरच्या पाचव्या हिश्शाइतकाही प्रवाह लागत नाही. अर्थिंगही पत्र्याच्या भरवशावर न ठेवता प्रत्येक होल्डरपासून स्वतंत्र वायरने थेट बॅटरीच्या ऋण टोकाजवळ चासीवर घासून स्वच्छ केलेल्या जागी दिले.

इथे एका गोष्टीबाबत माझा आग्रह होता. बाजारात मिळणाऱ्या तयार किटमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच फ्यूज असतो. एका होल्डरमध्ये पाणी जाऊन फ्यूज उडाला तर दोन्ही दिवे एकदम विझतात, आणि ही गोष्ट माळशेजच्या वळणावर घडली तर काय होईल याची कल्पना करण्याची गरज नाही. म्हणून विभागणीनंतर प्रत्येक बाजूला वेगळा १० अँपिअरचा फ्यूज ठेवला. काम अर्ध्या तासाने वाढले, खर्चात फरक नगण्य पडला. आणखी एक काळजी म्हणजे आपण स्वीकारत असलेली जोडणी त्या गाडीच्या स्विचशी जुळते का ते आधी तपासणे. काही गाड्यांत स्विच धन बाजू तोडतो, काहींत अर्थिंगची बाजू, आणि दुसऱ्या प्रकारात वरची जोडणी तशीच केली तर रिले काम करत नाही.

काम झाल्यावर त्याच पद्धतीने मोजल्यावर डाव्या बल्बवर १३.६ आणि उजव्यावर १३.५ व्होल्ट मिळाले. त्याच वॅटच्या, त्याच किमतीच्या बल्बमधून डावीकडे पूर्वीच्या पावणेदोनपटीच्या जवळपास आणि उजवीकडे त्याहून थोडा अधिक प्रकाश मिळू लागला. याची दुसरी बाजूही मालकांना स्पष्ट सांगितली. हॅलोजन बल्बचे आयुष्य व्होल्टेजच्या सुमारे तेराव्या घाताने घटते, म्हणून १३.५ व्होल्टवर चालणारा बल्ब १३.२ वर चालणाऱ्या बल्बपेक्षा साधारण पाव हिश्शाने लवकर जाईल, आणि पूर्वीसारखा साडेअकरा व्होल्टवर रखडत वर्षानुवर्षे टिकणार नाही. गाडीत बल्बची एक जोडी कायम बाळगावी लागेल आणि बदलताना बल्बच्या काचेला बोट लागू देता येणार नाही, कारण बोटाचे तेल तापलेल्या क्वार्ट्‌झवर डाग धरते आणि तिथून काच कमकुवत होते.

काच, वाटी आणि एलईडीचा प्रश्न

डाव्या दिव्याची पॉलिकार्बोनेटची काच उन्हाने पिवळट आणि धुरकट झाली होती. ही काच घासून स्वच्छ होते. पाण्याखाली ८०० पासून सुरू करून १५००, २००० आणि ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली, पॉलिश केली आणि शेवटी अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा पारदर्शक थर दिला. शेवटचा थर वगळला तर काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी पडते, आणि दुसऱ्या वेळी लवकर पडते, कारण मूळ संरक्षक थर घासण्यात निघून गेलेला असतो. टूथपेस्टने घासण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्याने काही दिवस चकाकी येते एवढेच, म्हणून मी तो सुचवत नाही.

उजव्या दिव्याची गोष्ट निराळी होती. काच तितकी वाईट नव्हती, पण आत पाहिल्यावर रिफ्लेक्टरच्या वाटीत बल्बच्या बरोबर वर तळहाताएवढा धुरकट, मातकट डाग दिसला. शंभर वॅटच्या बल्बच्या उष्णतेने तिथला ॲल्युमिनियमचा थर मेलेला होता. हा थर निर्वातात बसवलेला आणि केसापेक्षा कितीतरी पातळ असतो, तो पुसला तरी निघून येतो, त्याला पॉलिश करता येत नाही. आणि एच-४ च्या बल्बमध्ये डिपरच्या तंतूखाली धातूची छोटी वाटी असते, ती प्रकाश खाली जाऊ देत नाही, त्यामुळे डिपरवर दिव्याचा वरचा अर्धा भागच काम करतो. म्हणजे डाग नेमका डिपरच्या कामाच्या भागावर होता. बल्बवर कितीही व्होल्टेज पोहोचले तरी ही बाजू मंदच राहिली असती. उजवा दिवा पूर्ण बदलला, आणि बदलताना मागचे रबरी टोपण जागेवर आहे याची खात्री केली, कारण ते नसले की पावसाचे पाणी आत जाऊन नव्या दिव्याची वाटीही दोन पावसाळ्यांत निकामी होते.

एलईडीबाबत मालकांच्या मनात शंका राहू नये म्हणून त्यांच्यासमोर एक प्रयोग केला. नव्या उजव्या दिव्यात हॅलोजन बल्ब लावून समोरच्या गोदामाच्या भिंतीवर डिपर पाडला. भिंतीवर उजेड आणि काळोख यांच्यात स्वच्छ आडवी रेघ दिसत होती आणि डावीकडे ती रेघ तिरपी वर चढत होती, आपल्याकडे डावीकडून गाडी चालवली जात असल्याने रस्त्याची कडा आणि फलक दिसण्यासाठी ती तशी असावीच लागते. मग त्याच दिव्यात दुकानात मिळणारा एच-४ आकाराचा एलईडी बल्ब लावला. भिंत एकूण अधिक उजळली आणि पहिल्या नजरेला कोणालाही तो सरस वाटला असता. पण रेघ पुसट झाली, तिच्यावर उजेडाचा धुरळा पसरला आणि सर्वांत तेजस्वी भाग रेघेजवळून खाली सरकून गाडीच्या जवळ आला. म्हणजे काकांना पुढचे वीस मीटर लख्ख दिसले असते, त्या लख्ख उजेडाने डोळ्याची बाहुली आकुंचन पावली असती आणि लांबचे आणखी कमी दिसले असते, तर समोरच्याच्या डोळ्यांत पूर्वीपेक्षा जास्त प्रकाश गेला असता.

याचे कारण असे की दिव्याची वाटी तंतूच्या अगदी ठराविक जागेसाठी आणि आकारासाठी घडवलेली असते. तंतू चारी बाजूंना प्रकाश देतो, एलईडीच्या चकत्या दोन बाजूंना देतात, त्यांच्यात पट्टीची जाडी असते आणि त्या तंतूच्या जागी तंतोतंत येत नाहीत. एलईडीसाठीच मूळ घडवलेले दिवे उत्तम असतात, हॅलोजनच्या वाटीत एलईडी ही निराळी गोष्ट आहे. त्यात कायद्याचाही भाग येतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्याचा झोत असा खाली वळलेला असला पाहिजे की आठ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवू शकणार नाही. गाडी आठ वर्षांहून जुनी असल्याने तिचे योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते, तेव्हा तिथे अडचण नको हा विचार मालकांना लगेच पटला. मला मात्र समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा विचार अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण शिळफाट्याच्या रस्त्यावर झगझगाटाने आंधळा झालेला दुचाकीस्वार शेजारच्या ट्रेलरच्या चाकांपासून हातभर अंतरावर असतो.

फोकस, माल आणि डॅशबोर्डवरची चकती

आता समोरच्याला होणाऱ्या त्रासाचे कारण शोधायचे होते आणि ते रिकाम्या गाडीत सापडणारच नव्हते. तुर्भ्याला गाडी येते तेव्हा माल उतरलेला असतो, गॅरेजमध्ये फोकस रिकाम्या गाडीवर लावला जातो, आणि मालक समाधानाने जातात. रात्री मात्र ही गाडी भरलेली असते. म्हणून काकांना एकदा बाजारात माल उतरवण्याआधी इकडे यायला सांगितले. पहाटेच्या घाईत टोमॅटोची क्रेट भरलेली गाडी घेऊन ते आले, हे त्यांचे सहकार्य या कामात निर्णायक ठरले.

सपाट जमिनीवर, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करून मोजले. रिकाम्या गाडीत दिव्याच्या मध्याची उंची ८२ सेंटिमीटर होती आणि डिपरची रेघ भिंतीवर ७२ सेंटिमीटरवर, म्हणजे दहा मीटरला दहा सेंटिमीटर खाली पडत होती. ही एक टक्क्याची उतरण योग्यच आहे, तिने रेघ रस्त्याला सुमारे ८२ मीटरवर टेकते. भरलेल्या गाडीत मागचे पाटे दबून मागची बाजू सहा सेंटिमीटर खाली आली होती आणि पुढची एक सेंटिमीटर. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर तीन मीटर धरले तर नाक पाच सेंटिमीटरने, म्हणजे तीन मीटरमागे पाच, वर उचलले गेले. दहा मीटरला हा फरक १७ सेंटिमीटर होतो. भिंतीवर रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सहा-सात सेंटिमीटर वर गेलेली दिसली. म्हणजे डिपर आता खाली झुकलेला नव्हताच, तो किंचित आकाशाकडे होता, आणि समोरच्या माणसाला काकांचा डिपर अपरसारखा दिसत होता. काकांच्या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग इथे उलगडला. शिवाय घाटात अपर टाकल्यावर त्याचा तेजस्वी मधला भाग रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडत होता, त्यामुळे ‘अपर टाकला तरी’ दिसत नव्हते यातही फोकसचा वाटा होता.

डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या उजवीकडे ० ते ३ आकडे असलेली एक छोटी चकती होती. धूळ आणि तेलाने आकडे जवळजवळ झाकलेले होते आणि काकांची समजूत होती की ती मीटरच्या दिव्याचा उजेड कमी-जास्त करते. ती खरे तर भारानुसार हेडलाइट खाली-वर करणारी चकती होती. डाव्या दिव्यामागची छोटी मोटार चालत होती, उजवीचा कपलरच (वायर जोडणारा प्लग) कोणीतरी काढून ठेवला होता. कपलर स्वच्छ करून जोडला, नव्या दिव्यात जुनी मोटार बसवली आणि चकती ३ वर फिरवल्यावर भरलेल्या गाडीची रेघ भिंतीवर दिव्याच्या मध्याखाली बारा सेंटिमीटरवर आली. शून्यावर रिकाम्या गाडीची रेघ पूर्वीसारखीच दहा सेंटिमीटर खाली होती. इतके बारीक जमून आल्याचा मला मनापासून आनंद झाला.

काकांना एवढेच सांगितले की माल भरून निघताना चकती ३ वर, अर्धा माल असेल तर १ किंवा २ वर, आणि रिकामे परतताना ० वर ठेवायची. रिकाम्या गाडीत ती ३ वर राहिली तर रेघ दहा मीटरला जवळजवळ तीस सेंटिमीटर खाली जाते आणि प्रकाश तीस मीटरच्या आतच संपतो, म्हणजे पुन्हा दिसणे कमी. ज्या गाडीला अशी चकती नाही, तिचा फोकस तिच्या नेहमीच्या रात्रीच्या भारावर लावावा असे माझे मत आहे. भाजीपाल्याची गाडी रात्री भरलेली असते, पाण्याच्या जारचे वितरण करणारी गाडी रात्री रिकामी असते, दोघांना एकच नियम लागू होत नाही.

दिव्यांच्या बाहेरच्या तीन गोष्टीही पाहिल्या. पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला धुराचा आणि हाताच्या तेलाचा पातळ थर होता, समोरचा प्रकाश पडला की तो पूर्ण काच धुरकट करतो, आणि पुसण्याला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. वायपरची रबरे कडक झालेली होती, ती बदलली. काकांचा चष्मा जुना होता. उतारवयात डोळ्याच्या बाहुलीत शिरणारा प्रकाश तरुणपणापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे चष्म्याचा नंबर थोडा चुकला तरी रात्री तो अधिक जाणवतो. त्यांनी डोळे तपासून घ्यावेत असे मालकांनीच सुचवले, आणि काकांनी ते मनावर घेतले याचे श्रेय त्यांना द्यायला हवे.

एकूण खर्च पाच हजार रुपयांच्या आसपास आला, त्यात सर्वांत मोठा वाटा उजव्या दिव्याचा होता. शंभर वॅटच्या बल्बने तो भाग जाळला नसता तर खर्च निम्म्यावर आला असता.

पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा तपासली. काकांच्या म्हणण्यानुसार डिपरवर असताना समोरून अपर मारणारे आता कमी झाले आहेत आणि टोकावड्याच्या बाजूला रस्त्याची कडा त्यांना पूर्वीपेक्षा आधी दिसते. आकड्यांत पाहिले तर डाव्या बल्बवर १३.६ चे १३.३ झाले होते, उजव्यावर फरक नव्हता. कारण डाव्या अर्थिंगच्या थिंबलभोवती पुन्हा हलका गंज धरला होता. जागा घासून घेतली, थिंबल बदलली आणि वर ग्रीसचा थर दिला, तेव्हा १३.६ परत मिळाले. ही तपासणी प्रत्येक पावसाळ्यानंतर करायची असे मालकांनी आता ठरवले आहे. शिळफाट्याच्या कोंडीत इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरचे व्होल्टेजच १३.४ च्या आसपास राहते, तेव्हा दिवे किंचित उतरतात. त्यावर वेगळा उपाय करण्याची गरज वाटली नाही, कारण त्या वेळी गाडी चालतच नसते.

मालकांनी नंतर आपली दुसरी पिकअपही आणली आणि तिलाही रिलेचे किट बसवून द्या असे सांगितले. तिच्यावर मोजल्यावर दोन्ही बल्बवर १२.९ व्होल्ट पोहोचत होते, कारण तिच्या वायरिंगमध्ये मुळातच रिले होता. काचा मात्र इतक्या पिवळ्या पडल्या होत्या की आतला बल्ब स्पष्ट दिसत नव्हता. काचा घासल्या, एक अर्थिंग नव्याने दिले, भरलेल्या गाडीवर फोकस लावला. किट बसवले नाही.